हृदयमर्दनाचे लोकशिक्षण

हृदयक्रिया अकस्मात थांबल्यास काही मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ लागते. म्हणून जवळच्या माणसाचे तत्काळ साहाय्य निर्णायक ठरते. छाती न उघडता उरोस्थीवर तालबद्ध दाब देऊन रक्ताभिसरण राखण्याची पद्धत कौवेनहोव्हन, ज्यूड व निकरबॉकर यांनी बाल्टिमोर येथून १९६० मध्ये प्रसिद्ध केली. तिला साधने लागत नाहीत. तरीही अमेरिकेतील १९६६ च्या राष्ट्रीय परिषदेने ती वैद्यकीय व तत्सम कर्मचाऱ्यांनाच शिकविण्याची शिफारस केली. बरगड्या मोडण्याचे भय अनाठायी नव्हते. पण या सावधगिरीची झळ रुग्णालयाबाहेर कोसळणाऱ्यांना बसली. सिॲटलमध्ये मात्र लेनर्ड कॉब व अग्निशमनप्रमुख गॉर्डन व्हिकरी यांनी १९७० नंतर लवकरच सामान्य नागरिकांना शिकविण्यास आरंभ केला. राष्ट्रीय मानकांनी हे शिक्षण सर्वांसाठी १९७४ मध्ये खुले केले.