रोजमेळ, टॅली आणि नवा कारकून

भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनचेही रहिवासी आहेत. १९७३ साली इथे उत्खनन झाले, सातवाहनकाळच्या वस्तीच्या खुणा निघाल्या. इथल्या हस्तिदंती मूर्तीचे साम्य थेट इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी सांगतात. इतका लांबचा व्यापार म्हटला की हिशेब आलाच. तो लिहिणारा कोण होता, हे मात्र कुठल्याच दगडावर नाही.

मी इतिहास शिकवतो, त्यामुळे एआय आता सॉफ्टवेअर कंपन्यांचा धंदा बसवणार असे कोणी म्हटले की माझे लक्ष आधी मागे जाते. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हणताच कर्मचारी संघटनांनी कडाडून विरोध केला. बँकांतही तेच. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि मग संगणक हळूहळू, वाटाघाटी करत करत शिरला.

आमच्या आडतीवर तो फार उशिरा पोचला. टॅलीचा जन्म १९८६चा, पण लाल कापडी बांधणीची वही काही लगेच हटली नाही. मुनीमजींचा रोजमेळ आणि खतावणी त्यांच्या तोंडात असे. संगणक घ्यायचा कशाला? संगणक घ्यायला लावला तो करांनी. १ एप्रिल २००५ला व्हॅट आला, १ जुलै २०१७ला जीएसटी. विवरणपत्र ऑनलाइन भरायचे म्हटल्यावर दुकानदाराला टॅली हवीच झाली. माझ्या मते तालुक्यात सॉफ्टवेअरची मागणी यंत्राच्या कौतुकाने फारशी वाढली नाही, ती कायद्याच्या धाकाने वाढली. आणि म्हणूनच ती सहजी आटणारही नाही. १ एप्रिल २०२३पासून तर कंपन्यांना असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक फेरफाराची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. एआयने बिल वाचले, खाते ओळखले, नोंद टाकली, तरी ती टाकायची कुठे? वही लागणारच.

अडचण दुसरीकडे आहे. मोठ्या कंपन्यांना सॉफ्टवेअर बहुधा माणशी दराने विकले जाते. दहा माणसांचे काम तिघांनी उरकले तर परवाने तीनच लागतील. आणि ते सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या, सांभाळणाऱ्या आपल्या कंपन्या तर माणसांच्या संख्येवरच वाढल्या. जुलै २०२५मध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कंपनीने कारण एआयचे दिले नाही, कौशल्यांचा मेळ बसत नसल्याचे दिले. पण हिंजवडीत मुलगा असलेल्या मराठवाड्यातल्या घरांना ते कारण ऐकून किती झोप लागली असेल, हे आपण ओळखू शकता.

त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत छापून तरी येते. तालुक्याला बी.कॉम. होऊन, टॅलीचा छोटा कोर्स करून करसल्लागाराकडे लागलेल्या मुला-मुलींचे काय? त्यांचे पहिले काम बिलांच्या नोंदी टाकण्याचे. हिशेब त्यातूनच शिकला जातो. मुनीमजीही आधी दुसऱ्याच्या वह्या उतरवूनच मुनीम झाले होते. यंत्र सर्वांत आधी नेमके तेच काम उचलते आहे, आणि त्या कामाच्या जागी मुलांना शिकायला दुसरे कोणते काम द्यायचे, हे अजून कोणी ठरवलेले नाही.