यंत्राविना सिद्ध झालेली ३९ अंकी मूळ संख्या

१/८
१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

ही संख्या मूळ आहे. १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. १८७६ साली एका फ्रेंच गणितज्ञाने हे केवळ हाताने आकडेमोड करून सिद्ध केले. ते कसे, याचा हा इतिहास.

२/८
२ चा १२७ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. मारँ मर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती साधूने १६४४ मध्ये एक यादी दिली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी केवळ याच घातांकांसाठी अशी संख्या मूळ असते, असा त्यांचा दावा होता. सिद्धता मात्र दिलेली नव्हती.

३/८
१७७२ मध्ये ऑयलर यांनी घातांक ३१ ची संख्या, २१४७४८३६४७, मूळ ठरवली. त्यासाठी त्यांनी संभाव्य भाजक निवडून एकेकाने भागून पाहिले. घातांक १२७ साठी हा मार्ग खुंटतो, कारण त्या संख्येचे वर्गमूळच २० अंकी आहे. तिथवरचे भाजक तपासण्यास एक आयुष्य पुरणार नाही.

४/८
एदुआर ल्युका हे १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तोफखान्यात अधिकारी होते, पुढे गणिताचे शिक्षक झाले. त्यांनी भाजक शोधणेच सोडून दिले. त्यांची रीत अशी: ३ पासून आरंभ करावा, वर्ग करून २ वजा करावेत, तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यावी आणि हीच क्रिया त्या बाकीवर पुन्हा करावी.

५/८
१२७ म्हणजे २ चा ७ वा घात वजा १. तिच्यावर ही कसोटी लावून पाहावी.
३ → ७ → ४७ → २२०७ (बाकी ४८) → २३०२ (बाकी १६) → २५४, म्हणजे १२७ ची दुप्पट. बाकी शून्य.
घातांकाहून दोन कमी, म्हणजे पाचव्या पायरीवर शून्य आले. म्हणून १२७ मूळ.

६/८
३९ अंकी संख्येसाठी अशा १२५ पायऱ्या लागतात आणि एक चूक झाली तरी सारे श्रम वाया जातात. ल्युका यांनी संख्या ० आणि १ या दोनच अंकांत मांडल्या व बुद्धिबळाच्या पटासारख्या १२७ × १२७ घरांच्या तक्त्यावर गुणाकार केले.

७/८
त्याच वर्षी त्यांनी मर्सेन यांच्या यादीतील ६७ हा घातांक चुकीचा ठरवला. संख्या मूळ नाही हे कळले, अवयव मात्र अज्ञातच राहिले. ते १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ फ्रँक कोल यांनी दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. संख्येला अवयव आहेत हे जाणणे आणि ते अवयव हाती येणे, या दोहोंतील अंतर इथे २७ वर्षांचे होते.

८/८
ल्युका यांची ३९ अंकी संख्या १९५१ पर्यंत, म्हणजे तब्बल ७५ वर्षे, ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी राहिली. डी. एच. लेमर यांनी पुढे ही कसोटी अधिक सुटसुटीत केली. २०२४ मध्ये ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांच्या मूळ संख्येवर शिक्कामोर्तब झाले, तेही याच ल्युका-लेमर कसोटीने. यंत्रे बदलली, वर्ग करून २ वजा करण्याची रीत तीच राहिली.