थोडक्या रंगांची फळे

मी शिकले सातवीपर्यंत. इतिहासावर चार शब्द लिहायचे म्हणजे संकोच वाटतो. पण एक गोष्ट मनात घर करून आहे, तीच सांगते.

शाळेत चित्रकलेच्या तासाला टेबलावर पेरू-केळी मांडली जात. मुली रंगवीत. माझ्याजवळ रंगपेटी नव्हती. “रंग नाहीत तर चित्र कसले?” हे एकदा ऐकले आणि मी चित्रे काढणेच सोडले.

पुढे अजिंठ्याला जाण्याचा योग आला. पहिल्या लेण्याचे छत मान वर करून पाहिले. चौकटी-चौकटींतून फळे, कमळे, हंस! दीड हजार वर्षे झाली, तरी अजून जिवंत. आणि रंग किती? गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, हिरव्या मातीचा हिरवा, दिव्याची काजळी, पांढरा आणि निळा. निळा तेवढा लाजवर्दी दगडाचा, दूर अफगाणिस्तानाकडचा. बाकीचे बहुतेक तिथल्याच डोंगरांतले. खाली गिलावा माती आणि धानाच्या तुसाचा! म्हणजे आपल्याच घरचे सामान.

हे काम परक्यांचेही नव्हे. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करविले. वाकाटक म्हणजे आपल्या विदर्भाचे राजे. हरिषेणाची राजधानी आजचे वाशीम.

१८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्ससाहेब विद्यार्थ्यांना घेऊन या चित्रांच्या तैलरंगांत नकला करीत. १८८५ साली लंडनच्या आगीत त्यांतल्या पुष्कळ जळाल्या. मातीच्या रंगांची मूळ फळे मात्र छतावर आहेतच.

घरी आल्यावर मी गेरू, पिवडी, काजळी आणि पांढरी माती डिंकाच्या पाण्यात कालवली. ताटात दोन आंबे आणि मूठभर जांभळे मांडली. पिवडीत चिमूटभर काजळी पडताच कच्च्या आंब्याचा हिरवा उतरला. काजळीत गेरू मिसळला, वर पांढरीचा पुसट हात दिला, तर जांभळावरची धूळ दिसू लागली. काजळी-पांढरीचा करडा रंग पिवळ्या आंब्याशेजारी चक्क निळसर भासला. निळा तर माझ्याजवळ नव्हताच!

ते चित्र आज आमच्या ओसरीवर आहे. आपल्या मुलींना रंगपेटी जरूर घेऊन द्या. पण नसली, तर तिला “चित्र कसले?” असे कोणी म्हणू नये, एवढीच विनंती.