क्रोमियमची उलटतपासणी

क्रोमियमच्या अणूत बाहेरचे सहा इलेक्ट्रॉन ३डीत चार आणि ४एसमध्ये दोन असे न बसता पाच आणि एक असे का बसतात? अकरावीच्या चाचणीपासून एमएस्सीच्या तोंडी परीक्षेपर्यंत या प्रश्नाला एकच उत्तर पाठ असते. अर्धे भरलेले डी उपकवच अधिक स्थिर असते, म्हणून ४एसमधला एक इलेक्ट्रॉन ३डीत उडी मारतो. तांब्याबद्दल विचारले तर ‘अर्धे’च्या जागी ‘पूर्ण’ घालायचे. दोन गुण पदरात पडतात. माझे म्हणणे असे की हे उत्तर चूक आहे. ते अपुरे असते तर हा लेख लिहिला नसता.

दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष पाडण्यात काही पुरुषार्थ नाही, म्हणून आधी तो पूर्ण ताकदीनिशी मांडतो. त्याला तीन आधार आहेत. पहिला सममितीचा : पाचही डी कक्षिकांत एकेक इलेक्ट्रॉन असला की ऋणभाराची वाटणी गोलाकार होते. दुसरा, आणि खरा वजनदार, विनिमय ऊर्जेचा : समांतर स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळून राहतात, त्यामुळे त्यांच्यातले प्रतिकर्षण घटते. ३डीत चार समांतर इलेक्ट्रॉन असतील तर अशा सहा जोड्या होतात, पाच असतील तर दहा. तिसरा आधार दाखल्यांचा : क्रोमियम आणि मॉलिब्डेनम एकीकडे, तांबे, चांदी आणि सोने दुसरीकडे. शिवाय नायट्रोजनची आयनन ऊर्जा ऑक्सिजनपेक्षा जास्त भरते, आणि मँगनीजचा द्विधन आयन सहजी तिसरा इलेक्ट्रॉन सोडत नाही. एवढी साक्ष एका बाजूने उभी असताना शंका घेणाऱ्याने तोंड उघडावेच कशाला?

सममितीचा आधार फार वेळ घेणार नाही. गोल आकार डोळ्यांना भावतो हे खरे. पण आकार गोल झाल्याने ऊर्जा कमी का व्हावी, याचे कारण या पक्षाने कधी दिलेले नाही. विनिमय ऊर्जा मात्र खरी आहे आणि तिच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते तिच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी.

दाखल्यांपासून सुरुवात करू, कारण ते निवडून आणलेले आहेत. आवर्तसारणीत एक ओळ खाली उतरा. यिट्रियमपासून कॅडमियमपर्यंतच्या दहा मूलद्रव्यांत नायोबियम, मॉलिब्डेनम, रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलेडियम आणि चांदी अशी सहा मूलद्रव्ये नेहमीच्या क्रमाला जुमानत नाहीत. त्यांतली मॉलिब्डेनम, पॅलेडियम आणि चांदी पाठ्यपुस्तकाच्या उत्तरात कशीबशी बसतात. बाकीच्यांचे काय? नायोबियमच्या ४डीत चार इलेक्ट्रॉन आणि ५एसमध्ये एक. रुथेनियममध्ये सात आणि एक, ऱ्होडियममध्ये आठ आणि एक. चार, सात, आठ : यांतले अर्धे कोणते आणि पूर्ण कोणते? आणखी खाली प्लॅटिनम आहे. त्याच्या ५डीत नऊ आणि ६एसमध्ये एक. दहावी जागा शेजारीच रिकामी असताना, आणि पूर्ण भरण्याचे आकर्षण एवढे मोठे असताना, तो शेवटचा इलेक्ट्रॉन ६एसमध्ये का बसून राहिला?

सर्वांत अडचणीचा साक्षीदार टंगस्टन. तो क्रोमियम आणि मॉलिब्डेनमच्या बरोबर खाली, त्याच गटात आहे. नियम खरा असता तर त्याच्या ५डीत पाच इलेक्ट्रॉन हवे होते. आहेत चार, आणि ६एसमध्ये दोन. पाच-एक अशी मांडणी त्याच्या वर्णपटात सापडते, पण मूळ अवस्थेपेक्षा सुमारे ०.३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर. जड अणुकेंद्राजवळ इलेक्ट्रॉनचा वेग इतका वाढतो की सापेक्षतेचा परिणाम ६एसला खाली ओढतो, हे त्याचे कारण जाणकार सांगतात. बरोबर आहे. पण मग इतर कारणांपुढे जो नियम एवढ्या सहज माघार घेतो, त्याला क्रोमियमपुरते तरी एकमेव कारण कसे मानावे?

यावर प्रतिपक्ष म्हणेल : बाकीचे अपवाद असोत, क्रोमियमपुरते तरी आमचे उत्तर खरे आहे ना? तर मग क्रोमियमलाच साक्षीला उभे करू.

त्याआधी एक भेद स्पष्ट करायला हवा. तो केला जात नाही, हेच या साऱ्या गोंधळाचे मूळ आहे. इलेक्ट्रॉन संरूपण हा हजेरीपट आहे. कोणत्या उपकवचात किती जण आहेत एवढेच तो सांगतो. एकाच हजेरीपटाखाली इलेक्ट्रॉनांच्या स्पिनची आणि कक्षीय संवेगाची बेरीज अनेक प्रकारे होऊ शकते, आणि प्रत्येक बेरजेची ऊर्जा वेगळी असते. या बेरजेलाच टर्म म्हणतात आणि तिच्या खुणेला टर्म सिम्बॉल. सिम्बॉलच्या डोक्यावरचा आकडा एकूण स्पिन किती आहे ते सांगतो, मधले अक्षर एकूण कक्षीय संवेग, आणि पायथ्याचा आकडा या दोहोंची बेरीज. रसेल आणि साँडर्स यांनी कॅल्शियमच्या वर्णपटावरून ही जोडणी १९२५ साली मांडली. त्याच वर्षी फ्रीडरिश हुंड यांनी सर्वांत खालची टर्म ओळखण्याचे नियम दिले. प्रयोगशाळेत मोजली जाते ती टर्मची पातळी. संरूपणाची ऊर्जा आजवर कोणी मोजलेली नाही, कारण तशी एक ऊर्जा असतच नाही.

आता क्रोमियम. पुढचे आकडे माझे नव्हेत. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्ससाठी शार्लट मूर यांनी अणूंच्या ऊर्जापातळ्यांची जी कोष्टके तयार केली, त्यांच्या १९५२च्या दुसऱ्या खंडात क्रोमियम येतो. त्याची मूळ अवस्था सेप्टेट एस : ३डीत पाच, ४एसमध्ये एक, आणि सहाच्या सहा स्पिन समांतर. इथवर प्रतिपक्ष खूश असेल. आता त्याच हजेरीपटाची पुढची टर्म पाहा, क्विंटेट एस. हिच्यातही ३डीत पाच इलेक्ट्रॉन आहेत, पाचही समांतर आहेत, डी उपकवचाची सममिती अभंग आहे. दहाच्या दहा विनिमय जोड्या शाबूत आहेत. फरक एकच, ४एसमधल्या एकट्या इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटा आहे. ही टर्म मूळ अवस्थेच्या किती वर आहे? ०.९४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. आणि जी चार-दोन मांडणी ‘अस्थिर’ म्हणून नाकारली गेली, तिची सर्वांत खालची पातळी, क्विंटेट डी, किती वर आहे? ०.९६ इलेक्ट्रॉन व्होल्ट.

वाचकहो, न्यायाधीश तुम्ही आहात. हे दोन आकडे शेजारी ठेवा. अर्धे भरलेले डी उपकवच पूर्णपणे शाबूत असूनही, त्याचा चार-दोन मांडणीवरचा फायदा अवघा ०.०२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. जवळजवळ सगळे अंतर पडते ते ४एसमधल्या इलेक्ट्रॉनने बाकीच्या पाचांशी स्पिन जुळवल्यामुळे. ज्या उपकवचाला श्रेय दिले जाते त्याने ते कमावलेले नाही, आणि ज्या एस इलेक्ट्रॉनने कमावले त्याचे उत्तरपत्रिकेत नावही नाही.

हे अंतर डोळ्यांनी दिसते. क्रोमियमच्या वर्णपटात ४२५.४, ४२७.५ आणि ४२९.० नॅनोमीटरवर तीन निळसर जांभळ्या रेषा आहेत. त्या सेप्टेट एसपाशी येऊन संपतात. ५२० ते ५२१ नॅनोमीटरच्या दरम्यान तीन हिरव्या रेषा दाटीने उभ्या आहेत. त्या क्विंटेट एसपाशी संपतात. दोन्ही त्रिकुटे सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेषांच्या रूपाने दिसतात. खालच्या पातळीचा हजेरीपट दोन्हीकडे एकच, वरच्या पातळीचाही एकच. रंग मात्र वेगळे. केवळ संरूपण लिहून थांबणाऱ्याला हा फरक कसा सांगता येणार?

विनिमय ऊर्जेचे पक्षपाती म्हणतील, आमचाच मुद्दा सिद्ध झाला. नाही, त्यांचा हिशोब अर्धवट ठेवल्याचे सिद्ध झाले. जोड्या मोजायच्या तर सगळ्या मोजा. सेप्टेट एसमध्ये सहा समांतर इलेक्ट्रॉनांच्या पंधरा जोड्या. क्विंटेट एसमध्ये दहा. आणि चार-दोन मांडणीत? ३डीतले चार आणि ४एसमधला त्यांना समांतर असलेला एक असे पाच, म्हणजे पुन्हा दहाच. ‘डी चारला सहा, डी पाचला दहा’ या प्रसिद्ध तुलनेत एस इलेक्ट्रॉनला मोजलेलेच नाही. सगळ्या जोड्या सारख्या मोलाच्या नसतात हे मला मान्य आहे, डी-डी जोडीचे मोल एस-डी जोडीहून जास्त असते. पण त्याच वेळी आटोपशीर ३डीत पाचवा इलेक्ट्रॉन कोंबल्याने वाढणारे प्रतिकर्षणही हिशोबात धरावे लागते. ते कोणत्या उत्तरपत्रिकेत धरलेले असते?

राहता राहिला नायट्रोजन. तिथे प्रतिपक्षाची बाजू खरोखर बळकट दिसते : नायट्रोजनची आयनन ऊर्जा १४.५३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, ऑक्सिजनची १३.६२. पण दोनच आकडे का पाहायचे? बोरॉन ८.३०, कार्बन ११.२६, नायट्रोजन १४.५३ : वाढ आधी २.९६ची, मग ३.२७ची. या चढणीवर नायट्रोजन अपेक्षित जागीच उभा आहे. त्याला कसलेही खास बक्षीस मिळालेले नाही. पुढे ऑक्सिजन १३.६२, फ्लोरिन १७.४२, निऑन २१.५६ अशी दुसरी चढण सुरू होते, पण ती पहिलीच्या सुमारे चार इलेक्ट्रॉन व्होल्ट खालून. म्हणजे समजावून सांगायला हवी ती ऑक्सिजनची घसरण. चौथ्या पी इलेक्ट्रॉनला समांतर जागाच उरत नाही, त्याला उलट्या स्पिनने कुणाशी तरी जोडी करावी लागते आणि तो सैल बसतो. मँगनीजच्या तिसऱ्या आयनन ऊर्जेची आणि तिच्या पुढच्या लोहाची कथाही हीच. घसरण खरी आहे. ‘अर्ध्याचे स्थैर्य’ हे तिला दिलेले चुकीचे नाव आहे. तरीही कोणी अडून बसलाच, तर त्याने नायट्रोजनच्या डबलेट डी टर्मचा खुलासा करावा. २पीत तीनच इलेक्ट्रॉन, उपकवच अर्धेच भरलेले, आणि ऊर्जा मूळ अवस्थेपेक्षा २.३८ इलेक्ट्रॉन व्होल्ट जास्त. तेव्हा अर्ध्याचे स्थैर्य कुठे गेले?

इलेक्ट्रॉनच्या त्या ‘उडी’बद्दलही बोलायला हवे. उडी मारायला आधी ४एसमध्ये दोन इलेक्ट्रॉन बसलेले असावे लागतात, म्हणून ४एस आधी भरते असे शिकवले जाते. मग आयनन होताना तेच ४एस आधी रिकामे होते, हेही शिकवले जाते, आणि या दोन विधानांमधला विसंवाद विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवले जाते. प्रत्यक्षात काय आहे? एकोणीस इलेक्ट्रॉन असलेले तीन कण घ्या. पोटॅशियमचा अणू : शेवटचा इलेक्ट्रॉन ४एसमध्ये, ३डी २.६७ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर. कॅल्शियमचा एकधन आयन : अजूनही ४एस खाली, पण अंतर १.६९ उरलेले. स्कँडियमचा द्विधन आयन : बाजी पालटली. इलेक्ट्रॉन ३डीत, आणि ४एस ३.१७ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर. म्हणजे स्कँडियममध्ये ३डी आधी धरले जाते. पुढचे दोन इलेक्ट्रॉन ४एसमध्ये जातात, कारण आखूड ३डीत दाटी करण्यापेक्षा पसरट ४एसमध्ये त्यांचे आपसांतले प्रतिकर्षण कमी होते. ओयगेन श्वार्ट्झ आणि एरिक स्केरी यांनी हे वारंवार लिहिले आहे. जो इलेक्ट्रॉन ४एसमध्ये कधी ‘आधी’ बसलाच नव्हता, त्याने तिथून उडी कशी मारली?

निकेलकडे पाहिले म्हणजे हजेरीपटावरचा उरलासुरला विश्वासही डळमळतो. सर्वांत खालची पातळी ट्रिपलेट एफ, आठ-दोन मांडणीची. पुस्तके तीच छापतात. पण नऊ-एक मांडणीची ट्रिपलेट डी तिच्या फक्त ०.०२५ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर आहे. साधारण खोलीच्या तापमानाला उष्णतेची जी सहज चुळबुळ असते, तेवढेच हे अंतर. दोन्ही टर्मच्या तिन्ही पातळ्यांची भारित सरासरी काढली तर नऊ-एक मांडणीच खाली येते. निकेलचे ‘खरे’ संरूपण कोणते, या प्रश्नाला मग अर्थ किती उरतो?

शेवटचा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो मी आदराने ऐकतो. सोळा वर्षांच्या मुलांना टर्म सिम्बॉल शिकवायचे का? मुळीच नाही. पण सोपे सांगणे आणि चुकीचे सांगणे यांत फरक आहे. ‘३डी आणि ४एस यांच्या ऊर्जा जवळजवळ आहेत, क्रोमियममध्ये सहाही इलेक्ट्रॉन समांतर राहू शकतात अशी मांडणी सर्वांत खाली येते, हे वर्णपटावरून ठरले आहे’ : एवढे उत्तर अकरावीच्या मुलाला सहज झेपते, आणि दोन गुणांच्या जागेत मावते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी त्याच्याखाली ‘मग टंगस्टनमध्ये असे का होत नाही?’ हाही प्रश्न घालावा, आणि जुने पाठ उत्तर घेऊन कोणी तो सोडवून दाखवावा.