गिरणगावची दारूबंदी आणि एक डॉक्टर मंत्री

“डॉक्टर, ह्यांनी मनावर घेतलं तर सुटेल ना दारू?” रुग्णाची बायको किंवा आई हे हमखास विचारते. मुंबईत एकदा सरकारनेही साधारण असाच विचार केला होता, आणि तो अमलात आणणारा मंत्री डॉक्टर होता.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे होती. गिल्डर नावाजलेले हृदयविकारतज्ज्ञ. दारूचं उत्पन्न आणि दारूचे रोगी, दोन्ही एकाच टेबलावर! १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. या धंद्यात पारशी बरेच होते, म्हणून त्या समाजातून जोरदार विरोध झाला. गिल्डर स्वतः पारशीच.

डोळ्यासमोर होता तो परळ-लालबागचा कामगार. कोकणातून, घाटावरून आलेला, बायकामुलं गावाला. एका खोलीत अनेक जण पाळीपाळीने झोपायचे. दिवसभर साच्यांचा खडखडाट आणि नाकातोंडात कापसाची तूस. पगाराच्या दिवशी दारात व्याजवाला पठाण उभा आणि घरच्या वाटेवर गुत्ता. गावी मनीऑर्डर जाईल की नाही, ते या दोघांवर ठरायचं. त्यामुळे गिल्डरांचा हेतू मला चुकीचा वाटत नाही.

चूक झाली ती पिणाऱ्याचा मेंदू समजून घेण्यात. दारू मेंदूचा ब्रेक दाबते, म्हणून सुरुवातीला शीण गेल्यासारखा वाटतो. रोज ब्रेक दाबला जातोय म्हटल्यावर मेंदू तोल सांभाळायला ॲक्सिलरेटर वाढवून ठेवतो. हे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चालतं. मग एके दिवशी दारू अचानक बंद झाली की ब्रेक सुटतो आणि ॲक्सिलरेटर तसाच राहतो. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, माणूस घरच्यांनाही ओळखत नाही. उपचार नसतील तर यात जीवही जाऊ शकतो. सकाळीच प्यायला बसणारा प्रत्येक जण मजेसाठी बसत नाही, अनेकदा तो थरथर थांबवायला बसलेला असतो. दुकानाला कुलूप घातल्याने ही थरथर थांबत नाही, ती दुसरं दुकान शोधते.

नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग अर्ध्यावर राहिला. स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला, १९५० मध्ये बंदी पूर्ण झाली. मग काळा गूळ आणि नवसागराची हातभट्टी, गिरगाव-धोबीतलावच्या बाजूला ‘आंटी’चे अड्डे. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांतल्या अल्कोहोलचं काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५१च्या बलसारा खटल्यात ती बंदीच्या कक्षेबाहेर काढली गेली. गंमत म्हणजे पिण्याचा परवाना आजही महाराष्ट्रात ‘आरोग्य राखण्यासाठी’ म्हणूनच मिळतो. एक डॉक्टर म्हणून हे वाचताना मला दरवेळी हसू येतं.

१९५७ साली याच शहरात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा सुरू झाल्या. तिथे पोलीस नव्हते, परवाना नव्हता. दारू सुटलेला माणूस न सुटलेल्याच्या शेजारी बसायचा, एवढंच. आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने दारूचं व्यसन हा आजार असल्याचं म्हटलं होतं.

म्हणून त्या बाईंना मी सांगतो: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. पहिला आठवडा मनाचा नसतो, शरीराचा असतो. थरथर आणि फिट टाळणारी औषधं, थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, गरज पडली तर भरती. केईएम, नायरसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, तिथे न्या. मनावर घेण्याचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि त्याला बरेच महिने लागतात.