एर्तेन्सूप

एर्तेन्सूप : सुक्या हिरव्या वाटाण्याच्या डाळीचे नेदरलँड्समधील दाट, पोटभरीचे सूप. ‘स्नेर्ट’ या नावानेही ते ओळखले जाते. डुकराचे मांस, कंदमुळे आणि वरून घातलेले धुरी दिलेल्या सॉसेजचे काप ही त्याची ओळख. चमचा उभा राहील इतके ते दाट असावे, असा तेथील संकेत आहे.

हे हिवाळ्याचे अन्न. वाळवलेला वाटाणा वर्षभर टिकतो. डच भाषेत नोव्हेंबरचे जुने नावच ‘कत्तलीचा महिना’ असे असून, त्या सुमारास घरोघरी डुकराचे मांस खारवून व धुरी देऊन ठेवले जाई. या दोन साठवणींतून हे सूप घडले. कालवे गोठले की बर्फावर घसरणाऱ्यांसाठी काठाशी लागणाऱ्या टपऱ्यांवरही ते मिळते.

कृती : सुमारे 500 ग्रॅम डाळ धुऊन 2 लिटर पाण्यात डुकराच्या बरगड्यांसह उकळत ठेवतात. वर येणारा फेस काढून टाकतात आणि मंद आचेवर तासभर शिजवतात. मग मांस बाहेर काढून हाडांपासून सोडवतात. सेलेरीचा कंद, गाजर, बटाटा, लीक आणि कांदा चिरून घालतात. भाज्या मऊ झाल्या की मांस परत सोडतात. तळाला लागू नये म्हणून सूप वारंवार ढवळावे लागते. मांस खारवलेले असल्यास मीठ शेवटी, चव पाहूनच घालतात.

दाटपणासाठी पीठ लागत नाही; डाळ विरघळून तिच्यातील पिष्ट पाण्यात मिसळते, तेवढे पुरते. डाळ जुनी किंवा पाणी जड असेल, तर ती लवकर विरघळत नाही. जड पाण्यातील कॅल्शियम पेशीभित्तिकांतील पेक्टिनला घट्ट धरून ठेवते. उसळीचा अख्खा सुका वाटाणा वापरल्यास तो रात्रभर भिजवावा लागतो. डाळीला त्याची गरज नसते.

वरची जोड : ‘रोकवोर्स्ट’ हे नालेच्या आकाराचे धुरी दिलेले सॉसेज शेवटी सुपात केवळ गरम करतात, खळखळ उकळल्यास त्याचे आवरण फुटते. त्याचे जाड काप आणि चिरलेला सेलेरीचा पाला वर पसरतात. सोबत राय धान्याचा काळसर पाव, त्यावर मोहरीची चटणी आणि ‘काटेन्स्पेक’ या धुरी दिलेल्या चरबीदार मांसाचे पातळ काप असतात. सौम्य, गोडसर वाटाण्याला धूर, मीठ आणि मोहरीचा तिखटपणा मिळाल्यानेच साध्या डाळीचे हे सूप मेजवानीच्या तोडीचे होते.

मुरल्यावर त्याची चव व दाटपणा दोन्ही वाढतात. म्हणून अनेक घरांत ते आदल्या दिवशीच करून ठेवतात. स्वीडनमध्ये असेच सूप पिवळ्या वाटाण्याचे करतात आणि परंपरेने गुरुवारी मोहरीबरोबर वाढतात.