उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला का ढकलते? आणि ती ताब्यात कशी ठेवायची?

दिवाळीच्या आसपास हलक्या धानाची कापणी उरकली की सडक अर्जुनी तालुक्यातल्या रस्त्यांवर एकच चित्र दिसतं. धानाच्या पोत्यांनी गच्च भरलेल्या ट्रॉल्या खरेदी केंद्राकडे निघालेल्या असतात.

हा काही सह्याद्रीसारखा उंच घाटांचा भाग नाही. पण उतार इथेही आहेत. कोहमाऱ्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर शशीकरण पहाडीचा परिसर आहे. उड्डाणपुलांचे उतार आहेत. गावागावांत मामा तलावांच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावांच्या पाळी आहेत. पाळीवरून खाली उतरणारी वाट लांबीला थोडी असते, पण बऱ्याचदा महामार्गापेक्षा जास्त तीव्र असते.

अशा ठिकाणी ट्रॉली उलटली की "ब्रेक लागला नाही" असं सांगितलं जातं. अनेकदा खरी चूक त्याआधीच झालेली असते. ब्रेकवर पाय जाण्यापूर्वी, उताराच्या वरच्या टोकावर. ती कशी, हे समजून घेऊया.

उतारावर नेमकं काय होतं?

एक साधा हिशोब करू. ४० किलोचं एक पोतं धरलं, तर १०० पोती म्हणजे ४ टन. रिकामी ट्रॉली दीड टनाची आणि ट्रॅक्टर २ टनांचा धरू. म्हणजे पुढे २ टन आणि मागे साडेपाच टन. ओढणाऱ्यापेक्षा ओढलं जाणारं वजन पावणेतीन पट.

सपाट रस्त्यावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो. उतारावर हे उलटं होतं आणि ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलायला लागते. ५ टक्के उतार म्हणजे २० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर खाली. डोळ्यांना हा उतार फारसा जाणवत नाही. पण त्यावर साडेपाच टनांची ट्रॉली खाली घसरू पाहते, ती साधारण २७५ किलो वजनाइतक्या जोराने. टायरचं घर्षण त्यातला काही जोर कमी करतं, उरलेला थेट हूकवर येतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार सपाट भागातल्या रस्त्यांसाठी नेहमीचा कमाल चढ-उतार ३.३ टक्के आणि डोंगरी भागात ५ टक्के धरला जातो. अडचणीच्या ठिकाणी त्याहून जास्त उताराला मुभा असते. शेताकडे जाणाऱ्या पाळीच्या वाटेला मात्र असं कुठलंच मोजमाप लागू नसतं.

ब्रेक का "फेल" होतो?

ब्रेक वेगाचं रूपांतर उष्णतेत करतो. वरच्या हिशोबातला साडेसात टनांचा ट्रॅक्टर-ट्रॉली ५ टक्क्यांचा १ किलोमीटर उतार फक्त ब्रेकवर उतरला, तर जास्तीत जास्त ११ लिटर थंड पाण्याला उकळी येईल एवढी उष्णता तयार होऊ शकते.

ब्रेक सतत दाबून ठेवला तर ही उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. लायनर तापून त्याची पकड कमी होते. ड्रम ब्रेक असेल तर ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. हायड्रॉलिक ब्रेकमधलं ऑइल उकळलं तर पेडल पोकळ लागतं. ट्रकच्या एअर ब्रेकमध्ये पुन्हा पुन्हा पेडल मारल्याने साठलेली हवा कमी होत जाते.

ट्रॅक्टरची अडचण आणखी वेगळी आहे. बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि गावात वापरल्या जाणाऱ्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. म्हणजे साडेसात टन थांबवायचे ते फक्त दोन चाकांनी.

मग उतरताना गाडी कशाने आवरायची?

गियरने. खालच्या गियरमध्ये चाकं हळू फिरतात, पण इंजिन जास्त फेरे घेतं. ॲक्सिलरेटर सोडला की चाकांना ते इंजिन फिरवावं लागतं आणि त्या कामातच वेग आवरला जातो. यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. इंजिनाची उष्णता रेडिएटरमधून बाहेर पडत राहते, त्यामुळे ही रोख संपूर्ण उतारभर टिकते.

ड्रायव्हर लोकांमधला जुना नियम असा की, जो उतार उतरायचा आहे तोच भरल्या गाडीने चढायचा असता तर कोणता गियर लागला असता? तोच गियर किंवा त्याच्याही खालचा टाकून उतरायचं.

हा गियर उतार सुरू होण्याआधीच टाकावा लागतो. अनेक ट्रॅक्टरच्या गियरबॉक्समध्ये चालत्या गाडीत गियर सहज पडत नाही. उतारावर क्लच दाबला की इंजिनाची रोख सुटते, ट्रॉली ढकलते, वेग वाढतो आणि मग खालचा गियर पडतच नाही. गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. त्यामुळे हे सगळं काही सेकंदांत हाताबाहेर जातं.

न्यूट्रल केल्याने डिझेल वाचतं का?

हा गैरसमज जीवघेणा ठरतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक फेल झाल्याची चर्चा होती. पण प्राथमिक तपासात, डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल ठेवल्याचं समोर आलं.

मुळात डिझेल तसं वाचतच नाही. गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि चाकं इंजिन फिरवत असली, की पंप डिझेल जवळपास बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी थोडं डिझेल लागतंच. इंजिन बंद केलं तर अजून वाईट. पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि एअर ब्रेकला नवी हवा मिळत नाही.

ट्रॉली आडवी का होते?

वळणावर ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका रेषेत नसतात. त्याच वेळी जोरात ब्रेक मारला तर मागची ट्रॉली ट्रॅक्टरला सरळ न ढकलता बाजूला ढकलते. ट्रॅक्टर फिरतो आणि दोघं घडीच्या चाकूसारखे मिटतात. याला जॅकनाइफ म्हणतात. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना.

पोती कशी रचली यावरही बरंच अवलंबून असतं. दोन चाकी ट्रॉलीत वजन मागच्या बाजूला जास्त झालं तर हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो. ब्रेक असतात ते नेमके त्याच चाकांना. त्यामुळे वजन खाली, मध्ये आणि किंचित पुढे असावं.

निघण्याआधी काय तपासायचं?

- ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक पेडल असतात. बांधीत वळताना एकच दाबता येतो. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडल जोडणारी कडी लावलीच पाहिजे. नाहीतर घाईत एकाच पेडलवर पाय पडतो आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.
- डिफरन्शियल लॉक सुटलेला आहे ना, ते पाहावं.
- हूकची पिन आणि तिला अडवणारी छोटी पिन जागेवर हवी. सोबत साखळी असेल तर उत्तम.
- टायरची हवा, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर तपासावेत. या तालुक्यातले रस्ते नवेगाव-नागझिराच्या जंगलपट्ट्यातून जातात. रात्री अचानक रानडुक्कर किंवा चितळ आडवं आलं तरी थांबता येईल एवढाच वेग हवा.

उतारावर ब्रेक वापरायचाच नाही का?

वापरायचा, पण सतत दाबून ठेवायचा नाही. अमेरिकेत ट्रकचालकांना शिकवली जाणारी पद्धत सोपी आहे. आधी सुरक्षित वेग ठरवायचा. गाडी त्या वेगाला पोहोचली की ब्रेक नीट दाबून वेग ताशी ८ किलोमीटरने कमी करायचा, साधारण ३ सेकंदांत. मग ब्रेक पूर्ण सोडायचा. वेग पुन्हा वाढला की पुन्हा तेच. वारंवार ब्रेक लागत असेल तर गियर चुकलाय असं समजावं.

आणि तरीही गाडी सुटली तर?

क्लच दाबू नये, इंजिन बंद करू नये, उडी मारू नये. हॉर्न आणि दिवे चालू ठेवून समोरच्यांना सावध करावं. चढाची बाजू, वाळू-मुरुमाचा ढीग किंवा मऊ बांधी दिसली तर शक्य तितकं सरळ तिकडे जावं. धानाचं नुकसान भरून निघतं.

उतारावर गाडी थांबवावी लागली तर फक्त हँडब्रेकवर विसंबू नये. चाकांना लाकडी ठोकळा किंवा मोठा दगड लावावा. भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरपासून कधीच सोडवू नये.

ट्रॉलीत माणसं असतील तर?

रोवणीच्या दिवसांत मजूर बाया, लग्नसराईत वऱ्हाडी ट्रॉलीत बसून जाताना दिसतात. मालवाहू ट्रॉलीतून प्रवासी नेणं कायद्याला मान्य नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. ट्रॉलीत धरायला काही नसतं आणि उलटली तर माणूस तिच्याच खाली येतो. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळ आलेगाव शिवारात मजुरांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि ७ महिलांचा मृत्यू झाला. तो अपघात उतारावरचा नव्हता, पण ट्रॉली अशीच होती.

पाळीवरून किंवा पहाडीवरून उतरताना एवढं तरी नक्की करावं. ट्रॉलीतली माणसं वरच उतरवून घ्यावीत, क्षणभर थांबून खालचा गियर टाकावा आणि मगच ट्रॅक्टर उताराला लावावा. माणसं पायी खाली येतील आणि पुन्हा बसायची वेळ आली, तर निदान ट्रॉलीऐवजी दुसरं वाहन मिळतं का, हे आधी पाहावं.